तिकिटाला किती पडले?

27 सप्टेंबर हा जागतिक पर्यटन दिन. जागतिक पर्यटन संघटनेची घटना 1970 साली याच तारखेला मंजूर झाली आणि 1980 पासून हा दिवस जगभर पाळला जाऊ लागला. आपल्याकडे तो येतो तेव्हा दिवाळीच्या सहलींचं बुकिंग जोरात सुरू असतं. वर्तमानपत्रांच्या पानांवर व्हिएतनाम-कंबोडिया, बाली, दुबई शेजारी शेजारी झळकत असतात आणि खाली ठळक अक्षरात ‘रोज मराठी जेवण’ असं आश्वासन असतं. पूर्वी गावात एखादाच विमानात बसलेला असे. आज निवृत्त शिक्षक, बँकेतले कारकून, छोटे दुकानदार परदेश पाहून येतात, याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच, त्या प्रवासात मनाला जे टोचतं आणि गप्पांमध्ये सहसा येत नाही, त्याबद्दल आज लिहायचं आहे.

जानेवारी 2025 मध्ये आम्ही दोघं कंबोडियाला गेलो. गटाबरोबर राजधानी नॉम पेन्ह पाहिली आणि मग तीन दिवस सिएम रीपला स्वतंत्र राहिलो. अंगकोर वाट हे बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने उभारलेलं विष्णुमंदिर. त्याच्या पश्चिमेच्या ओवरीत कुरुक्षेत्राची लढाई कोरली आहे. हत्ती, रथ, भाल्यांची गर्दी यांतून नजर फिरवत असताना अचानक शरशय्येवरचे भीष्म दिसले. कुणी सांगावं लागलं नाही. लहानपणी आजीकडून ऐकलेली गोष्ट घरापासून हजारो कोस दूर, परक्या भाषेच्या देशात, दगडात आडवी पडलेली होती. अंगावर काटा आला. पूर्वेच्या ओवरीतल्या समुद्रमंथनात एका बाजूला 88 देव आणि दुसऱ्या बाजूला 92 असुर वासुकी ओढत आहेत. त्या भिंतीसमोर आम्ही तासभर उभे होतो. हा आनंद खरा आहे, आणि पुढे जे लिहितो त्याने तो खोटा ठरत नाही.

बाहेर आलो तर आठ-नऊ वर्षांची मुलगी पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन पुढे आली. आमच्याकडे एकदा नीट पाहून तिने हिंदीत मोजायला सुरुवात केली, ‘एक, दो, तीन…’ थेट दहापर्यंत. दहा कार्डं, एक डॉलर. शाळेची वेळ होती. पुढे झाडाखाली चटईवर पाच-सहा वादक बसले होते. भूसुरुंगात अपंग झालेले वादक, असं अनेक भाषांत लिहिलेला फलक शेजारी होता. एकाने आपला कृत्रिम पाय काढून मांडीजवळ आडवा ठेवला होता, त्याच्या पट्ट्याला लाल चिखल लागलेला होता. आमच्या पुढच्या कोरियन गटासाठी ते कोरियन धून वाजवत होते. आम्ही जवळ येताच धून बदलली आणि एक जुनं हिंदी चित्रपटगीत सुरू झालं. आम्ही त्यांना पाहायला थांबलो होतो, पण चेहऱ्यावरून आमचा देश आणि देशावरून आमचा खिसा त्यांनी आधीच ओळखला होता. 1979 पासून त्या देशात सुरुंगांनी आणि न फुटलेल्या दारूगोळ्याने सुमारे वीस हजार माणसं मारली. हा आकडा मी वाचून गेलो होतो. तो चिखल लागलेला पट्टा पाहायची माझी तयारी नव्हती.

तीन दिवस आम्हाला टुकटुकमधून फिरवणारा चालक पंचविशीतला होता. पहाटे साडेचारला दारात हजर, प्रत्येक देवळाबाहेर थंड पाण्याची बाटली हातात. शेवटच्या संध्याकाळी त्याने सहज विचारलं, ‘भारतातून यायला विमानाच्या तिकिटाला किती पडले?’ आम्हाला माणशी चारशे डॉलरच्या वर पडले होते. मी म्हणालो, ‘दोनशे.’ तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, ‘माझ्या बहिणीचा एक महिन्याचा पगार.’ बहीण नॉम पेन्हला कपड्यांच्या कारखान्यात आहे. त्या वर्षी तिथल्या वस्त्रोद्योगातलं किमान वेतन महिन्याला 208 डॉलर होतं. निम्मा करून सांगितलेला आकडाही त्याला एवढा मोठा वाटला.

मी खोटं का बोललो, याचा विचार परतीच्या विमानात आणि नंतरही करत राहिलो. युरोपच्या व्हिसासाठी बँकेचे कागद घेऊन रांगेत उभं राहायची आपल्याला सवय आहे. तिथे आपल्यावर संशय घेतला जातो. मुंबईत धारावी पाहायला परदेशी पाहुणे येतात, तेव्हा पाहिले जाणारे आपण असतो. सिएम रीपला उतरल्यावर एका रात्रीत बाजू बदलते. बाजू बदलली हे कबूल करायला आपण तयार नसतो, म्हणून आकडा निम्मा होतो.

आणि मग घासाघीस सुरू होते. नॉम पेन्हच्या बाजारात मी क्रामा, म्हणजे तिथलं चौकड्यांचं उपरणं, पाच डॉलरवरून तीनवर आणलं. पुण्याच्या तुळशीबागेत भाव करणं वेगळं, तिथे विकणारा आणि घेणारा एकाच महागाईत जगतात. इथे त्या दोन डॉलरनी माझं काहीच बिघडणार नव्हतं.

‘आपण गेलो म्हणून तर त्यांचं पोट चालतं,’ असं म्हणतात. ते खरंही आहे. पण कुणाचं पोट कशाने चालतं, ते पाहायला हवं. अंगकोरचा एक दिवसाचा पास 37 डॉलरचा आहे. त्यातले दोन डॉलर मोफत उपचार करणाऱ्या कांथा बोफा बालरुग्णालयांना जातात, हा पैसा चांगल्या ठिकाणी पोचतो. पोस्टकार्डं विकणाऱ्या मुलीला दिलेला डॉलर मात्र तिला उद्याही शाळेबाहेर ठेवतो. अनाथालय दाखवण्याचे कार्यक्रम तर सरळ नाकारावेत. तिथल्या अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात आणि पाहुणे येतात म्हणूनच मुलं तिथे ठेवली जातात, हे बालहक्कांसाठी काम करणाऱ्या संस्था वर्षानुवर्षं सांगत आहेत. स्थानिक वाटाड्या घ्यावा, चालकाचा मोबदला त्याच्याच हातात द्यावा, फोटोआधी विचारावं. एवढं कुणालाही जमतं.

नॉम पेन्हमध्ये तुओल स्लेंगला आमच्या गटाला चाळीस मिनिटं मिळाली, कारण जेवणाची वेळ ठरलेली होती. 1975 ते 1979 या काळात ख्मेर रूज राजवटीने एका शाळेचा तुरुंग केला, ती ही जागा. वर्गांमध्ये कैद्यांचे फोटो ओळीने लावले आहेत, काहींच्या छातीवर क्रमांक टाचलेला. त्यांतली बहुतेक माणसं मारली गेली. चाळीस मिनिटांत त्या चेहऱ्यांसमोरून नुसतं चालता येतं.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या एकाच अधिवेशनात तुओल स्लेंगसह कंबोडियातली स्मृतिस्थळं आणि आपले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. आता राजगड, रायगड, प्रतापगडावर जगभरातून लोक येतील. पण अशा जागी राहणाऱ्यांचं काय होतं? अंगकोरच्या परिसरातून 2022 पासून सुमारे दहा हजार कुटुंबांना वारसा जपण्याच्या नावाखाली दूर हलवलं गेलं. सरकार म्हणतं ते स्वखुशीने गेले, मानवी हक्क संघटना म्हणतात सक्ती झाली. गडावर आणि पायथ्याच्या वाड्यांत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या आपल्या माणसांशी आपण कसे वागणार, हे आताच ठरवायला हवं.

गेल्या पावसाळ्यात राजगडावर गेलो होतो. पद्मावती माचीवर ताक विकणाऱ्या मावशींनी पेला पुढे करत विचारलं, ‘पुण्याहून आलात? गाडीला किती पडले?’ मी पूर्ण आकडा सांगितला. मावशी म्हणाल्या, ‘बाई गं!’ आणि दुसरा पेला भरायला घेतला.