चणेही नाहीत, दातही नाहीत!

दिवाळी उलटली की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या सातारा-सांगलीत उतरतात. रेठऱ्यापासून साखराळ्यापर्यंत कारखान्यांची धुराडी पेटतात, तळावर कोप्या उभ्या राहतात. या कोप्यांत कोण राहते? मातंग, बौद्ध, वंजारी, भटके-विमुक्त, अनेक भूमिहीन. पहाटे आई-बाप कोयता घेऊन फडात जातात. मागे राहिलेल्या लेकराच्या हाती कोरा गोड चहा, बिस्किटाचा पुडा, नाहीतर उसाचे कांडे.

दात किडले की शहाणे सांगतात, ब्रश करा. आम्हाला ब्रशचे वावडे नाही. पण तोंडातले जंतू साखरेचे आम्ल करतात, ते दाताचे कवच झिजवते आणि लाळेला ते निस्तरायला अर्धा तास तरी लागतो. दिवसभर थोडे थोडे गोड चघळणाऱ्या पोराच्या दातांना ही उसंत मिळणार कधी? त्यातून दुधाच्या दातांचे कवच आईच्या पोटातच घडू लागते. ती माउली गरोदरपणी अर्धपोटी मोळ्या वाहत असेल, तर दात मुळातच कच्चा येतो.

त्या माउलीचेही तोंड बघा. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिश्री ती म्हणे दात घासायला लावते. खरे तर मिश्रीने भूक मरते. पुढे हिरड्या सुटतात, कर्करोगाचे भय वेगळेच. तिला अडाणी म्हणणाऱ्यांनी तिच्या ताटात भाकरी-चटणीपलीकडे काय असते, हे कधी विचारले आहे काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, वरून घेतलेली साखर रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. चहावर भूक मारणाऱ्याला हा उपदेश कोणत्या तोंडाने करायचा?

२०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला अंडे देण्याचे ठरले. अंड्यात दात-हाडांना लागणारी प्रथिने, फॉस्फरस, ड जीवनसत्त्व असते. २०२५ च्या जानेवारीत शासनाने त्याचा निधी बंद केला आणि लोकवर्गणीकडे बोट दाखवले. कारखान्यांच्या कर्जाला थकहमी देताना वर्गणी काढत नाहीत! अंड्याला नाक मुरडणाऱ्यांची सोय मात्र छान झाली.

ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे पैसे घ्यायचे ठरलेलेच आहे. त्यातून गळीत हंगामात प्रत्येक कोपीतल्या पोराला आणि गरोदर बाईला रोज एक अंडे आणि मूठभर भाजके चणे द्या. कराड-सांगलीच्या दंत महाविद्यालयांनी तळावर तपासणीला जरूर यावे, पण त्याआधी हे अंडे पोचले पाहिजे.