एका दिवसाचा फुटबॉल

थायलंडमधील चिआंग माई येथे ५ जुलै २०२५ रोजी भारतीय महिला फुटबॉल संघाने यजमानांना २-१ असे हरवले आणि आशियाई चषक स्पर्धेचे तिकीट मिळवले. पात्रता फेरीच्या मार्गाने तेथवर पोहोचण्याची भारतीय महिलांची ही पहिलीच वेळ. दोन्ही गोल संगीता बासफोर हिचे. या विजयाचे महाराष्ट्रातही कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. मात्र त्या यशात आपला वाटा किती, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. आशियाई महिला चषक २०२२ मध्ये मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे झाला. त्याच वर्षी मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामनाही नवी मुंबईतच रंगला. यजमानपदाची हौस आपण अशी पुरेपूर भागवून घेतली. परंतु २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही हंगामांत इंडियन विमेन्स लीगच्या मुख्य स्पर्धेत महाराष्ट्राचा एकही क्लब नव्हता. ओडिशा, केरळ, तमिळनाडू, कर्नाटक, बंगाल यांचे क्लब होते.

याचे कारण मुंबई-पुण्याच्या मैदानांवर शोधण्याची आपल्याला सवय आहे. ते जालन्यासारख्या जिल्ह्यात शोधले, तर अधिक लवकर सापडेल.

राज्य सरकारने १५ सप्टेंबर २०१७ रोजी दहा लाख मुलामुलींना एकाच दिवशी फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम केला होता. मुलांच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचे ते निमित्त. शाळाशाळांना चेंडू मिळाले, छायाचित्रे निघाली, मंत्रिमहोदयांनी चेंडूला पाय लावला. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण चेंडू देणे आणि सामना देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चेंडू एकदा देता येतो, सामने मात्र दर आठवड्याला द्यावे लागतात.

आज जालन्यातील शाळकरी मुलीला अधिकृत फुटबॉल भेटतो तो प्रामुख्याने शालेय क्रीडा स्पर्धेत. या स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी चढत जातात आणि सामान्यतः बाद पद्धतीने खेळवल्या जातात. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा असे जिल्ह्याचे आठ तालुके. प्रत्येकाचा एक संघ धरला, तर बाद पद्धतीत अवघ्या ७ सामन्यांत विजेता ठरतो आणि ४ संघ एकच सामना खेळून घरी जातात. मंठ्याची मुलगी सकाळी एसटीने जालन्याला येते, तासभर खेळते, हरते, दुपारच्या एसटीने परतते. तिचा त्या वर्षाचा फुटबॉल संपला. एखादा संघ आलाच नाही, तर प्रतिस्पर्ध्याला पुढे चाल मिळते, म्हणजे तोही एक सामना बुडाला. जिंकणारा शोधण्यासाठी ही पद्धत सोयीची आहे. खेळाडू घडवण्यासाठी ती कुचकामी आहे, कारण जिला खेळण्याची सर्वाधिक गरज तिलाच ती सर्वांत आधी बाहेर काढते.

साखळी पद्धतीचा हिशेब करून पाहावा. आठ संघांचे दोन गट करावेत. उत्तरेकडे भोकरदन, जाफराबाद, बदनापूर आणि जालना. दक्षिणेकडे अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा. गटात प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळावे. एका शनिवारी एका ठिकाणी दोन सामने ठेवले, तर ६ शनिवारांत दोन्ही गटांचे मिळून २४ सामने होतात आणि प्रत्येक मुलीच्या संघाला हार-जीत काहीही होवो, ६ सामने हमखास मिळतात. सात-सात खेळाडूंचे संघ ठेवले, तर सुमारे ६० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद जागा पुरते. तेवढी मोकळी जागा तालुक्याच्या गावी एखाद्या तरी शाळेजवळ असतेच.

फुटबॉलचे हे गणित जालन्यात एका गंभीर प्रश्नाला जाऊन भिडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले होते. जालन्यात हे प्रमाण तिघींत एक असे आहे. शेजारच्या परभणी-बीडमध्ये त्याहूनही अधिक. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, या विवंचनेत बाप लग्न उरकून टाकतो. त्याला खलनायक ठरवून काहीही साध्य होत नाही. फुटबॉल लीगने बालविवाह थांबतील, असा दावा करणेही भाबडेपणाचे होईल. लीगने होते ते इतकेच, की मुलीचे नाव एका यादीत येते आणि दर शनिवारी ते पुकारले जाते. तिसऱ्या शनिवारी ती आली नाही, तर बरोबरच्या दहा-बाराजणी आणि प्रशिक्षिका विचारतात, ‘ती कुठे आहे?’ शाळेच्या हजेरीपटावरील गैरहजेरी महिनोन्‌महिने खपून जाते. सातजणींच्या संघातील रिकामी जागा त्याच दुपारी दिसते. झारखंडमध्ये रांचीजवळ ओरमांझी परिसरात ‘युवा’ संस्थेने २००९ पासून हेच केले. तेथील आदिवासी मुलींचा संघ २०१३ मध्ये स्पेनमधील स्पर्धांत खेळून आला, त्याचा गवगवा झाला. पण संस्थेचे खरे काम रोजचा सराव आणि त्याला जोडलेली शाळा हे आहे.

हरियाणातील अलखपुरा हे भिवानी जिल्ह्यातील गावही असेच. सरकारी शाळेतील क्रीडाशिक्षकाने मुलींच्या हाती चेंडू दिला आणि पुढे त्या गावातून संजू यादवसारखी आंतरराष्ट्रीय खेळाडू निघाली. पहिली इंडियन विमेन्स लीग २०१७ च्या प्रारंभी दिल्लीला झाली, तेव्हा या गावाच्या नावाचा संघ तीत खेळला. त्याच लीगमध्ये महाराष्ट्राकडून एफसी पुणे सिटीचा महिला संघ होता. पुढे २०१९ मध्ये पुण्याचा तो व्यावसायिक क्लबच गुंडाळला गेला. मालक बदलले, शहर बदलले. वरून उतरलेला क्लब वरच निघून जातो, हे आपण पाहिले आहे. याउलट कोल्हापूरची लीग तालमी आणि पेठांच्या बळावर कित्येक दशके तग धरून आहे आणि म्हणूनच एफसी कोल्हापूर सिटीचा महिला संघ राष्ट्रीय लीगपर्यंत पोहोचू शकला. जालन्यात कोल्हापूरसारखी फुटबॉलची परंपरा नाही, हे मान्यच करायला हवे. विजय झोलच्या रूपाने १९ वर्षांखालील भारतीय क्रिकेट संघाला कर्णधार देणारे हे शहर आहे. २०१८ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा याच शहराने भरवली. खेळाविषयी येथे अनास्था नाही. अनास्था असलीच तर ती मुलींच्या खेळाविषयी आहे.

खो-खो आणि कबड्डी असताना फुटबॉल कशाला, असा आक्षेप येईल. तो अगदीच फेटाळण्याजोगा नाही. धाराशिवच्या सारिका काळे हिने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या खो-खो संघाचे नेतृत्व केले आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. मराठवाड्यातील मुलगी काय करू शकते, याचा याहून चांगला पुरावा नको. मात्र तेथे खो-खो रुजला तो वर्षभराच्या सरावाने आणि सततच्या सामन्यांनी. फुटबॉलला तेच मिळावे, एवढीच मागणी आहे. शिवाय सरकारी नोकऱ्यांतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण आणि दहावी-बारावीचे सवलतीचे गुण पालकांना नेमके समजतात. त्यांच्याशी बोलताना महिला सक्षमीकरणाच्या व्याख्यानापेक्षा हे मुद्दे अधिक उपयोगी पडतील.

दुसरा आक्षेप पैशांचा. दुष्काळी जिल्ह्यात पाण्याआधी चेंडू कसा, असे विचारले जाते. प्रत्यक्षात लागणारी रक्कम जिल्हा नियोजन समितीच्या आराखड्यात नजरेतही भरणार नाही. जालन्याच्या लोखंड आणि बियाणे उद्योगांना २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार सामाजिक दायित्वाचा निधी ग्रामीण खेळांसाठी खर्च करता येतोच. अवघड आहे ती वाहतूक. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस मुलींना गावातून शाळेत विनामूल्य नेतात-आणतात. शनिवारी शाळा सकाळची असते. सामन्याच्या दिवशी यातील एका बसची परतीची फेरी दुपारऐवजी सायंकाळी ठेवणे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीला जमण्यासारखे आहे. अंधारापूर्वी मुलगी घरी पोहोचते की नाही, यावर लीगचे भवितव्य ठरेल; गोलखांब कोणत्या कंपनीचे आहेत यावर नव्हे.

मैदानाचेही तसेच. मुलांचे क्रिकेट सुरू असताना मुलींनी कडेला सराव करावा, ही रीत चालणार नाही. मुंब्र्यात ‘परचम’ या गटाने २०१२ मध्ये मुलींचा फुटबॉल सुरू केला, तेव्हा पहिला झगडा मैदानातील हक्काच्या वेळेसाठीच करावा लागला. जालन्यातही क्रीडा संकुलात आणि तालुक्याच्या मैदानांवर मुलींचे तास लेखी राखून ठेवावे लागतील. दोन्ही गटांसाठी मिळून निदान चार स्त्री-प्रशिक्षक आणि तेवढ्याच स्त्री-पंच तयार कराव्या लागतील. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील खेळाडू मुलींना त्यासाठी प्रारंभिक प्रशिक्षण देता येईल. शाळा सुटल्यावर खेळही सुटतो. या मुलींना तो टिकवण्याचे एक निमित्त मिळेल आणि त्यांच्यातूनच पुढे महिलांचा खुला गट उभा राहील. वरच्या पायऱ्या तर तयार आहेत. केंद्राच्या ‘अस्मिता’ योजनेत वयोगटांच्या लीग आहेत. राष्ट्रीय लीगमधील क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला निदान ३ लाख २० हजार रुपये द्यावेत, असे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०२३ मध्ये ठरवले.

राहता राहिला हंगामाचा प्रश्न. दसऱ्यानंतर कापसाची वेचणी आणि ऊसतोड सुरू झाली, की अनेक मुली हाताशी राहत नाहीत. म्हणून लीग जुलै ते सप्टेंबर या काळातच हवी. त्याने शालेय स्पर्धांची तयारीही आपोआप होईल. अडचण काळ्या मातीची आहे. एक सर पडली, की तिच्यातून पाय निघत नाही. तेव्हा दोन्ही गटांत एकेक मैदान मे महिन्यातच मुरूम टाकून, दाबून घ्यावे लागेल आणि त्याची मंजुरी मार्चअखेरपूर्वी मिळवावी लागेल.