रिपोर्टातील ‘यीस्ट’ म्हणजे कोणते?

गेल्या पावसाळ्यात रेणापुरास एका आप्तांच्या घरी आमचा मुक्काम होता. रेणुकामातेचे दर्शन घेऊन आम्ही परतलो, तो सारे घर एका कागदाभोवती जमलेले. घरच्या आजीबाईंच्या पोटावर शहरातील एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली होती, आणि ताप काही केल्या उतरत नव्हता. थोरल्या चिरंजीवांनी आणलेल्या रक्ताच्या रिपोर्टात एवढेच होते, ‘यीस्ट वाढले.’

“म्हणजे पावात घालतात तेच ना, मामंजी?” धाकट्या सूनबाईंनी विचारले. “मग भिण्यासारखे काय?” असे म्हणून मामंजीही काहीसे निश्चिंत झाले. आम्हांस मात्र तसे होता येईना.

यीस्ट, म्हणजे किण्व, ही एकपेशी बुरशी. कँडिडा नावाचे किण्व निरोगी माणसाच्याही तोंडात, आतड्यात व त्वचेवर बिऱ्हाड करून असते. म्हणून थुंकीत किंवा नळी घातलेल्या रुग्णाच्या लघवीत ते सापडले, तर तेच रोगाचे कारण असे लगेच म्हणता येत नाही. रक्ताची गोष्ट निराळी. तेथे ते सापडले की दुर्लक्ष करता येत नाही.

आता ओळखावयाचे कसे? पोषक माध्यमावर किण्वाचे पांढरट, लोण्याच्या टिपक्यांसारखे पुंजके उठतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे तर लांबट गोल पेशी आणि त्यांना फुटलेल्या कळ्या. सारी सख्ख्या भावंडांसारखी! येथे एक जुनी, स्वस्त व अद्याप उपयोगी परीक्षा कामी येते. पुंजक्याचा कण मानवी रक्तद्रवात कालवून 37 अंशांवर दोन-तीन तास ठेवतात. कँडिडा अल्बिकन्स असेल तर, मटकीस मोड यावा तशी, पेशीतून सरळ नळी फुटते, आणि तिच्या मुळाशी आवळलेपण नसते. ट्रॉपिकॅलिसलाही तसेच काही फुटल्याचा भास होतो, पण ते मुळाशी आवळलेले असते. घाईच्या नजरेस येथेच चकवा बसतो. मक्याच्या पिठाचेही एक माध्यम असते. त्यावर अन्न बेताचेच मिळाल्याने अल्बिकन्स जाड भिंतीचे गोल बीजाणू धरते. रंगीत माध्यमावर अल्बिकन्स हिरवे, ट्रॉपिकॅलिस निळे, क्रुसेई गुलाबी उमटते. मेंदूज्वराच्या रुग्णाच्या पाठीतील पाण्यात काळी शाई मिसळली, की क्रिप्टोकॉकसभोवतीचे कवच काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या वलयासारखे दिसते.

एवढा खटाटोप नावासाठी नव्हे, औषधासाठी. फ्लुकोनाझोल हे नेहमीचे औषध अल्बिकन्सवर बहुधा चालते. क्रुसेईवर ते मुळातच चालत नाही.

यंत्रेही फसतात, हे सांगितले पाहिजे. 2009 साली जपानात एका वृद्धेच्या कानात कँडिडा ऑरिस हे नवे किण्व सापडले. 2013 साली दिल्लीच्या डॉ. अनुराधा चौधरी व सहकाऱ्यांनी तेथील दोन रुग्णालयांतील बारा रुग्णांत ते आढळल्याचे प्रसिद्ध केले. नेहमीची स्वयंचलित यंत्रे त्यास हेम्युलोनाय म्हणून मोकळी होत! हे किण्व रुग्णालयात एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे पसरते आणि पुष्कळदा फ्लुकोनाझोलला दाद देत नाही; तेव्हा ही चूक साधी नव्हे. प्रथिनांचा ठसा घेणारी नवी यंत्रे त्यास ओळखतात, मात्र त्यांच्या संग्रहात ऑरिसचा ठसा असावा लागतो.

आम्ही चिरंजीवांस म्हटले, “उद्या जाऊन दोनच गोष्टी विचारा. कोणते यीस्ट, आणि कोणते औषध लागू?” त्यांनी विचारले. प्रयोगशाळेत पुंजका पुढील तपासाविना तसाच पडून होता. तिसऱ्या दिवशी नाव आले, क्रुसेई. तोवर फ्लुकोनाझोलच चालू होते. डॉक्टरांनी ते बंद करून मायकाफंजिन दिले, शिरेतील जुनी नळीही काढली. आठवड्याने ताप गेला.

आजीबाई घरी आल्यावर आम्ही भेटीस गेलो. शास्त्रज्ञांनी या क्रुसेईचे नाव आता पिचिया कुद्रियावझेवी केले आहे, असे सांगताच त्या म्हणाल्या, “अगो बाई, ते म्हणता म्हणताच पुन्हा ताप यायचा!”