पहिला वाढदिवस, बाळाच्या वेळेने

बाळाला अकरावा महिना लागला की घरात एकच विषय सुरू होतो. हॉल कुठला घ्यायचा, थीम कोणती, केक किती किलोचा, रिटर्न गिफ्ट काय द्यायचं? आजी म्हणते, तिथीने औक्षण करू आणि चार घरी पेढे देऊ. आत्याला वाटतं, घरातलं पहिलं बाळ आहे, दणक्यात व्हायला हवं. आईबाबा मधल्या मध्ये अडकतात. माझ्या भाचीनेही परवा फोन करून हेच विचारलं, "मावशी, करू की नको? त्याला तर यातलं काही कळणार नाही." तिला फोनवर जे सांगितलं, तेच आज जरा सविस्तर लिहिते.

कर, नक्की कर. बाळ वर्षाचं झालं ही आनंदाचीच गोष्ट आहे, आणि ती किती मोठी आहे हे आपण हल्ली विसरत चाललो आहोत.

आपल्याकडे बाळ वर्षाचं होणं कधीच गृहीत धरता येत नव्हतं. पाचवीच्या रात्री सटवाई पुजायची, पाट्यापाशी दिवा लावून जागायचं, बाळाच्या कपाळी तीट लावायची, या सगळ्यामागे ते जाईल ही भीती होती. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचं बाळ दहाच दिवसांत गेलं. डॉक्टर व्हायचं हा त्यांचा निश्चय त्या दुःखातून आला आणि १८८६ साली फिलाडेल्फियातून त्या वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडल्या. फार लांबचं कशाला, १९७१ साली आपल्या देशात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत हा आकडा देशासाठी २८ आणि महाराष्ट्रासाठी १६ वर आला. यामागे लसी आहेत, स्वच्छ पाणी आहे, दवाखान्यातली बाळंतपणं आहेत आणि घरोघर फिरणाऱ्या बायका आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्यांनी ३९ गावांत केलेल्या कामाने नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले, आणि हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. आज आशाताई बाळाला बघायला घरी येतात, त्या व्यवस्थेला या कामाचा मोठा आधार आहे.

म्हणून वर्ष पुरं झालं की आनंद करावा. तो कसा करावा, हा मात्र वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याच घरात सापडतं.

पहिल्या वर्षातले आपले सगळे सोहळे बाळाच्या मापाचे आहेत. बारसं घरात होतं, पाळण्याभोवती बायका जमतात, कानात नाव सांगून होतं आणि बाळ झोपून जातं. उष्टावणात मामाच्या मांडीवर खिरीचा एक घास, बस्स. पहिल्या संक्रांतीला, नाहीतर रथसप्तमीपर्यंत कधीही, बोरनहाण करतात. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसलेलं बाळ, त्याच्या डोक्यावरून ओतलेली बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, आणि ते वेचायला झेपावणारी गल्लीतली पोरं. अर्ध्या तासात सगळं आटोपतं. या समारंभांत पाहुणे मुलांसाठी येतात आणि बाळ आपल्या माणसांत, आपल्या खोलीत असतं. वाढदिवसालाही हेच माप लावावं.

आता हॉलमधला वाढदिवस बघा. निमंत्रणात साडेसातची वेळ असते, पाहुणे साडेआठला येतात, केक नऊला कापला जातो. वर्षाचं बाळ एरवी त्या वेळी झोपलेलं असतं. साधारण आठव्या-नवव्या महिन्यापासून बाळांना अनोळखी माणसांची भीती वाटू लागते आणि वर्षाच्या सुमारास ती चांगलीच जोरात असते. म्हणजे नेमक्या ज्या वयात त्याला आईच्या कडेवरून उतरायचं नसतं, त्याच वयात आपण त्याला शंभर माणसांत या हातातून त्या हातात देतो. वर स्पीकरचा आवाज, कॅमेऱ्याचे फ्लॅश, टोचणारा जरीचा ड्रेस. बाळ रडतं आणि पाहुणे म्हणतात, "आज हट्टी झालंय." ते हट्टी नसतं, दमलेलं असतं. भाचीचं म्हणणं निम्मं खरं आहे. तो दिवस त्याच्या आठवणीत राहणार नाही. पण भूक, झोप, गोंगाट आणि आईचा स्पर्श, एवढं त्याला त्या दिवशी पुरतं कळतं.

म्हणून माझा पहिला आग्रह वेळेचा. सकाळची झोप झाली, पोट भरलं की अकराच्या सुमारास औक्षण करावं. पाटाभोवती रांगोळी, निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता. आजीने ओवाळावं, मग घरातल्या बाकीच्या बायकांनी. आजोबांनाही ओवाळू द्यावं, त्यांचाही जीव बाळात तेवढाच असतो. केक आणायचा असेल तर आणावा, मोठ्यांनी खावा. दोन वर्षांपर्यंत मुलाला वरून साखर देऊ नये, असंच बालरोगतज्ज्ञ सांगतात. बाळासाठी मऊ वरणभात आणि तूप, नाहीतर खजूर घालून केलेली नाचणीची खीर. अख्खे दाणे, द्राक्षं, साखरफुटाणे त्याच्या हाती लागू देऊ नयेत, आणि फुटलेल्या फुग्याचे तुकडे तर लगेच उचलावेत. ते घशात अडकले तर जीव गुदमरतो.

दुसरा आग्रह तुलनेचा. वाढदिवसाला येणारा प्रत्येक जण विचारतो, "चालतो का? दात किती? बोलतो का?" नऊ महिन्यांत पाऊल टाकणारी मुलं असतात आणि पंधराव्या महिन्यात टाकणारीही असतात, दोन्ही ठीकच असतात. जे बाळ दोन महिने आधी जन्मलं, त्याचं वाढीचं वय डॉक्टर दोन महिने वजा करूनच मोजतात. म्हणजे ते वर्षाचं झालं तरी त्याच्याकडून दहा महिन्यांच्या बाळाचीच अपेक्षा करायची. काचेच्या पेटीत आठवडे काढून आलेल्या बाळाच्या आईला त्या दिवशी हा प्रश्न किती लागतो, हे विचारणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. तेव्हा विचारू नका. "छान आहे हो बाळ," एवढं म्हटलं तरी तिला पुष्कळ होतं.

आणि तिसरा, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा आग्रह बाळाच्या आईचा. हा दिवस तिच्याही आईपणाचा पहिला वाढदिवस असतो. वर्षभर ती सलग झोपलेली नसते. टाक्यांचं दुखणं, अंगावर पाजणं, लसीनंतरचे ताप तिने काढलेले असतात. नोकरी करणारी असेल तर २६ आठवड्यांची रजा संपल्यावर बाळाला मागे ठेवून ती कामावर रुजू झालेली असते. आणि वाढदिवसाच्या दिवशी तीच पहाटेपासून पुऱ्या लाटते, संध्याकाळी सर्वांत शेवटी जेवते. हे बदलायला हवं. त्या दिवशी स्वयंपाक बाबाने, काकाने, आत्याने करावा किंवा बाहेरून मागवावा. बाळाला ओवाळून झालं की आईलाही ओवाळावं, तिची ओटी भरावी, तिला साडी घ्यावी, आणि दुपारी तिला दोन तास निवांत झोपू द्यावं. वर्षभर रात्री जागलेला बाबा असेल तर त्यालाही हेच.

राहता राहिला खर्च. ऐपत असेल त्याने आप्तांना जेवू घालावं, त्यात वावगं काही नाही. पण शेजारच्याने केलं म्हणून हप्त्यांवर हॉल घेणारी घरं मी पाहते तेव्हा वाईट वाटतं. ऋण काढून सण करू नये, हे आपले जुने लोक सांगून गेले. मुलगी असेल तर अडीचशे रुपयांत तिचं सुकन्या समृद्धी खातं पोस्टात उघडता येतं. चार पैसे हाताशी असतील तर ज्या बाळांचं पहिलं वर्ष अजून अवघड आहे, त्यांच्यासाठी ते द्यावेत. मुंबईत शीवच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. तिथलं दूध कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना मिळतं. अशा पेढीला, जवळच्या अंगणवाडीला किंवा बालरुग्णालयाला बाळाच्या नावाने काही द्यावं. शक्य झालं तर आशाताईला आणि अंगणवाडीच्या ताईंना त्या दिवशी घरी जेवायला बोलवावं. हे वर्ष पार पडलं त्यात त्यांचाही वाटा आहे.

तुमच्या घरी येत्या काही दिवसांत कोणी वर्षाचं होणार असेल तर हॉलवाल्याला फोन करण्याआधी बाळाच्या आईला विचारा, "तुला त्या दिवशी काय हवंय?" ती जे सांगेल, ते आधी करा.