दुखणारा मसाना आणि आपले स्वयंपाकघर

लघवीचा त्रास हे आपल्या घरांत सर्वांत उशिरा बोलले जाणारे दुखणे. गुडघा दुखला तर शेजारणीला कळते, साखर वाढली तर दावतीतही तिची चर्चा होते. पण ओटीपोटात ठणका लागतो, दर अर्ध्या तासाला उठावे लागते, जाऊन आले तरी घाई राहते, हे आई मुलीला सांगत नाही आणि सून सासूला. हरिहरेश्वर, बागमांडला, श्रीवर्धन या पट्ट्यात गेलो की हा विषय आमच्यापुढे हमखास निघतो, तोही जेवणे आटोपल्यावर, हळू आवाजात. आणि प्रश्न बहुधा एकच असतो: यावर घरगुती इलाज काय?

घरगुती इलाज आहेत आणि त्यांचा उपयोगही होतो. मात्र त्यांना एक क्रम आहे. तो चुकला तर जवाचे पाणी, शहाळे, सोलकढी सगळे करूनही दुखणे वर्षानुवर्षे तसेच राहते. या महिन्यात तो क्रमच पाहू.

आधी कारोरा, मग नुस्खा

युनानी वैद्यकात नाडीबरोबर कारोरा, म्हणजे रुग्णाची लघवी, पाहून निदान करण्याची रीत आहे. हकीम राझी यांनी अकराशे वर्षांपूर्वी मूत्रपिंड आणि मसाना यांतील खड्यांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. आपल्या बुजुर्गांचा शहाणपणा हाच की दुखण्याचे मूळ शोधल्याशिवाय नुस्खा नाही. आज कारोऱ्याच्या जागी प्रयोगशाळेतील लघवीची तपासणी आणि कल्चर आहे, एवढाच फरक.

ही तपासणी आवश्यक आहे, कारण दोन वेगळे आजार बाहेरून अगदी सारखे दिसतात. पहिला जंतुसंसर्ग. यात लघवीत जंतू सापडतात आणि योग्य प्रतिजैविकाने ते जातात. दुसरा आजार म्हणजे दुखरा मसाना. डॉक्टर त्याला इंटरस्टिशियल सिस्टायटिस म्हणतात. यात कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत. मसाना भरत जातो तसे दुखणे वाढते, रिकामा झाला की थोडा आराम पडतो. हे सहा आठवड्यांहून अधिक चालते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळते. 1915 मध्ये अमेरिकेतील डॉक्टर गाय हनर यांनी अशा काही रुग्णांच्या मसान्याच्या आतल्या अस्तरावरील जखमांचे वर्णन केले. त्या जखमा आजही हनरचे व्रण म्हणून ओळखल्या जातात. म्हणजे हे दुखणे मनाचे खेळ नाहीत. 'रिपोर्ट चांगला आहे, तुला उगाच वाटते' असे घरातल्या बाईला कोणी म्हणू नये.

तिसरी शक्यताही ध्यानात ठेवावी. लघवीत पू सापडतो, पण साध्या कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत, असे पुन्हा पुन्हा होत असेल तर क्षयाची तपासणी करावी लागते. क्षय फुप्फुसाप्रमाणे मूत्रमार्गालाही होतो. त्याचा औषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो.

तपासणीतही एक गोष्ट सांभाळावी. लघवीचा नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे, नाहीतर तो थंड ठेवला पाहिजे. हरिहरेश्वरहून सकाळी बाटली भरून एस.टी.ची वाट पाहायची, उन्हात श्रीवर्धन गाठायचे आणि मग रांगेत बसायचे, यात नमुन्यातले जंतू वाढतात आणि रिपोर्ट भलताच येतो. म्हणून शक्यतो प्रयोगशाळेतच नमुना द्यावा. जागा स्वच्छ धुवावी, सुरुवातीची धार सोडून मधली धार बाटलीत घ्यावी. आणि प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्याआधी नमुना द्यावा. उरलेल्या जुन्या गोळ्यांतल्या दोन-तीन घेऊन मग तपासणीला जाणे म्हणजे पुरावा पुसून मग चौकशी करणे.

पाणी तोडू नका

वारंवार जावे लागते म्हणून बहुतेक स्त्रिया आधी पाणी कमी करतात. हा उपाय सोपा वाटतो, पण उलटतो. पाणी कमी की लघवी दाट, आणि दाट लघवी दुखऱ्या अस्तराला अधिक झोंबते. ज्यांना पुन्हा पुन्हा संसर्ग होतो त्यांच्यासाठी तर पाणी हेच औषध आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पेये घेणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या 140 स्त्रिया होत्या. निम्म्या स्त्रियांनी वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायले. त्यांना वर्षात सरासरी 1.7 वेळा संसर्ग झाला. बाकीच्यांना 3.2 वेळा.

किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम जास्त जातो, म्हणून ग्लास मोजण्यापेक्षा रंग पाहावा. लघवी फिक्या गवती रंगाची असावी. एकदम तांब्याभर पिण्यापेक्षा तासातासाने थोडे प्यावे, झोपण्यापूर्वी दोन तास हात आखडावा. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

पाणी न पिण्याची सवय लहानपणीच लागते. शाळेतले स्वच्छतागृह नकोसे वाटते म्हणून मुली घरून पाणी न पिता येतात आणि दुपारपर्यंत लघवी दाबून ठेवतात, हे शिक्षकी पेशात आम्ही रोज पाहतो. पुढे हीच मुलगी माणगावच्या एस.टी.त, लग्नाच्या गर्दीत, बाजारात तेच करते. मुलीच्या दप्तरात बाटली भरून दिली, तर ती संध्याकाळी रिकामी आली का, हेही पाहावे.

थंड-गरम नव्हे, आंबट-तिखट

आपल्याकडे पदार्थ थंड की गरम यावर पथ्य ठरते. लघवीला जळजळ झाली की सोलकढी, लिंबाचे सरबत, कोकम सरबत दिले जाते, कारण ते थंड. दुखरा मसाना मात्र थंड-गरम ओळखत नाही, त्याला आंबट आणि तिखट कळते. चहा, कॉफी, टोमॅटो, लिंबू, संत्रे-मोसंबी, अननस, व्हिनेगरचे लोणचे, बाटलीतली फसफसणारी पेये, लाल मिरची आणि साखरेऐवजी वापरायच्या कृत्रिम गोड गोळ्या यांनी अनेक रुग्णांचे दुखणे वाढते. आपले कोकम आणि चिंचही आंबटच. आमसुलाशिवाय माशाचे कालवण म्हणजे काय, असे कोकणातल्या कुठल्याही घरात विचारतील. म्हणूनच हे पथ्य इथे अवघड जाते आणि इथेच ते करून पाहण्यासारखे आहे.

मात्र सगळे कायमचे सोडायचे नाही. एकीला टोमॅटो सोसत नाही, दुसरीला फक्त चहा. आपले काय ते शोधायला एक वही करावी. तीन दिवस पुढील चार गोष्टी लिहाव्यात: किती वाजता गेलो, मापाच्या भांड्यात किती मिलिलिटर झाली, दुखणे शून्य ते दहा यांत किती, आणि त्याआधी काय खाल्ले-प्यायले. त्यानंतर दोन आठवडे वरचे सगळे पदार्थ बंद. मग दर तीन दिवसांनी एकच पदार्थ परत आणावा. दुखणे वाढले तर तो दोषी, नाहीतर तो आपला. डॉक्टरांनाही या वहीतून पुष्कळ कळते.

त्या दोन आठवड्यांत उपाशी राहावे लागत नाही. सकाळी तलबीना, म्हणजे जवाचे पीठ दुधात शिजवून केलेली पातळ खीर. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आजारी माणसासाठी हा आहार सांगितल्याचे हदीसमध्ये आहे. दुपारी भात, मूगडाळ, दुधी किंवा पडवळाची भाजी. मासा खायचा तर हळद, मीठ, लसूण लावून तव्यावर शेकलेला, किंवा नारळाच्या दुधात आमसुलाशिवाय शिजवलेला. रात्री तांदळाची भाकरी किंवा मऊ पेज. फळांत कलिंगड, नासपती. आणि पोट साफ राहील हे पाहावे, कारण बद्धकोष्ठाने भरलेले आतडे मसान्यावर दाब आणते. रात्री भिजवलेले इसबगोल त्यासाठी पुरते.

नेहमीचे नुस्खे, नीट वापरलेले

जवाचे पाणी सौम्य आहे, पाणी पिण्याचा कंटाळा येणाऱ्यांना ते सोयीचे. धणे-जिऱ्याच्या पाण्याचेही तसेच. शहाळे उत्तम, पण त्यात पोटॅशियम भरपूर असते, म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गोखरू, ज्याला युनानीत खार-ए-खसक म्हणतात, लघवी वाढवण्यासाठी पूर्वीपासून देतात. तो घ्यायचा तर प्रशिक्षित हकिमाच्या सल्ल्याने, आणि रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या हकिमाला दाखवून. खायचा सोडा पाण्यात घालून पिण्याने काहींची जळजळ तात्पुरती कमी होते, पण त्यात सोडियम असते. रक्तदाब असलेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

आखाती देशांतून येणारे नातेवाईक हल्ली क्रॅनबेरीच्या गोळ्या किंवा रस आणतात. 2023 मध्ये कॉक्रेन या संस्थेने अनेक चाचण्या एकत्र तपासल्या. वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांत क्रॅनबेरीने पुढच्या संसर्गाचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतो, असे त्यात दिसले. पण हे फळ आंबट आहे, आणि ज्यांना संसर्ग नसून दुखरा मसाना आहे त्यांना त्याचा रस झोंबतो. एकाच बाटलीने एकीला आराम पडतो आणि दुसरी रात्रभर जागते. आधी तपासणी का, याचे याहून चांगले उदाहरण नाही.

ओटीपोटावर गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, सैल सुती कपडे आणि पुरेशी झोप यांनी दोघींनाही बरे वाटते.

वुजू, नमाज आणि रोजा

लघवी दाबून नमाज पढू नये, अशी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. जमात चुकेल, पाहुणे काय म्हणतील, या विचाराने दाबून ठेवणाऱ्यांनी ती आठवावी. पाच वक्तांचे वुजू हे जाण्याचे आयते वेळापत्रकही आहे. फज्र ते जुहर हे अंतर मात्र मोठे असते, त्यात दोन वेळा वाढवाव्यात. संसर्ग नाही हे ठरल्यावर, ज्यांना दर अर्ध्या तासाला जावे लागते त्यांनी उलट बाजूने यावे. दर आठवड्याला हे अंतर पंधरा मिनिटांनी वाढवत अडीच-तीन तासांवर आणावे. दुखणे वाढले तर तिथेच थांबावे.

नुसत्या घाईने वुजू तुटत नाही, प्रत्यक्ष थेंब बाहेर आला तर तुटतो. या वसवशात अनेक भगिनी दिवसातून वीस वेळा वुजू करतात. ज्यांचे थेंब सतत गळतात त्यांच्यासाठी शरीयतने सवलत ठेवली आहे. कोकणात बहुतेक शाफई मसलक आहे. त्यानुसार नमाजची वेळ झाल्यावर जागा धुऊन, पॅड लावून वुजू करावा, लगेच फर्ज नमाज पढावी, त्याच वुजूवर नफिल पढता येते. पुढच्या फर्जसाठी नवा वुजू. आपल्या बाबतीत काय लागू होते ते जवळच्या आलिमांना निःसंकोच विचारावे, घरातल्या पुरुषांनी विचारून आणावे.

रमजानमध्ये पाणी इफ्तार ते सहरीत वाटून घ्यावे, सहरीला चहा टाळावा, इफ्तारला खजूर आणि साधे पाणी. संसर्ग चालू असेल, ताप असेल किंवा डॉक्टरांनी मना केले असेल तर आजाऱ्याने रोजे पुढे पूर्ण करावेत, ही मुभा सूरह बकरामध्ये स्पष्ट आहे. अल्लाहने दिलेली सवलत घेणे हा ईमानचा कमीपणा नाही.

इथे नुस्खा थांबवा

थंडी वाजून ताप, कंबरेच्या वरच्या बाजूला पाठीत दुखणे, उलट्या, लघवीत रक्त किंवा लघवी पूर्ण अडणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गरोदर स्त्री, मधुमेही, लहान मूल आणि पुरुष यांच्या बाबतीत साध्या जळजळीलाही थांबू नये. चाळिशीनंतर न दुखता लघवीतून रक्त गेले, आणि विडी-सिगारेटची सवय असेल, तर मसान्याच्या कर्करोगाची तपासणी टाळू नये. श्रीवर्धन किंवा माणगावच्या सरकारी रुग्णालयापासून सुरुवात करता येते, तिथून मूत्ररोगतज्ज्ञाची चिठ्ठी मिळते.

दुखऱ्या मसान्याला एका गोळीत बरे करणारे औषध नाही. तो सांभाळावा लागतो, साखर सांभाळतात तसा. आणि तो एकट्या बाईने गुपचूप सांभाळायचा नाही. तिच्यासाठी कालवणाचे छोटे पातेले वेगळे काढणे, प्रवासात गाडी थांबवायला ड्रायव्हरला सांगणे, तपासणीच्या दिवशी घरचे काम दुसऱ्याने उचलणे, एवढे घरच्यांनी केले तर निम्मे पथ्य आपोआप पाळले जाईल. अल्लाह तआला आपल्या सर्व आजारी भगिनी-बांधवांना शिफा देवो. आमीन.