अलिप्ततेचा भ्रम
२००८च्या पूर्वार्धात गुंतवणूकदारांचा एक लाडका सिद्धांत होता: अमेरिकेत मंदी आली तरी चीन, भारत, ब्राझील स्वबळावर वाढतील आणि तेल-तांबे महागच राहील. जुलैत पिंपामागे १४७ डॉलरवर गेलेले तेल डिसेंबरात ४०च्या खाली आले. जानेवारीत २१ हजारांवर पोहोचलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात ८ हजारांखाली घसरला. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक बुडाल्यावर रोकडीसाठी कासावीस झालेल्या फंडांनी हाती लागेल ते विकले. भारताचा विकासदर पाहायला सवड होती कुणाला? हेच बाजार २००९मध्ये झपाट्याने सावरले, म्हणजे सिद्धांत अखेर खराच ठरला, असा युक्तिवाद होतो. पण त्या उसळीमागे चीनचे ४ लाख कोटी युआनचे सरकारी पॅकेज आणि अमेरिकेचे शून्यालगतचे व्याजदर होते. संकटातला आसरा म्हणून हे बाजार सुचवणे चूकच होते.