रहीमसाहेब ‘आपले’, मग मैदान कुणाचं?

१३ ऑक्टोबर २०२५ ला केप व्हर्डेनं एस्वातिनीला ३-० असं हरवलं आणि फुटबॉलच्या विश्वचषकात पहिल्यांदा जागा मिळवली. आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रातली दहा बेटं, १९७५ मध्ये पोर्तुगालपासून स्वातंत्र्य, लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर. आपला हिंगोली जिल्हा २०११ च्या जनगणनेतच ११ लाख ७७ हजारांचा होता. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या निम्म्याहून लहान देशानं गटात कॅमेरूनला मागं टाकलं.

ही बातमी मी कुरुंद्यात मामेभावाला मोठ्या उत्साहानं सांगितली. त्याचा पहिला प्रश्न, “मुस्लिम मुल्क है क्या, आपा?” म्हटलं, नाही, बहुतेक लोक कॅथलिक आहेत. “अच्छा,” म्हणाला आणि पुन्हा मोबाइलमध्ये गेला.

माझं भांडण त्या “अच्छा”शी आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये मोरोक्कोनं आधी स्पेनला, मग पोर्तुगालला घरी पाठवलं, तेव्हा हाच पोरगा रात्रभर स्टेटस टाकत होता. मलाही आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. आईचा हात धरून मैदानात नाचणारा बुफाल कुणाला आवडला नसेल? पण त्या स्टेटसमध्ये खेळ कुठंच नव्हता, नुसती कौम जिंकली होती. बरं, कौमच जिंकते असं धरू. मग पुढच्याच वर्षी मोरोक्कोच्या मुली पहिल्यांदा विश्वचषकात उतरल्या, दक्षिण कोरिया आणि कोलंबियाला हरवून बाद फेरीत गेल्या. त्यांच्यातली नुहैला बेंझिना हिजाब घालून खेळली, महिला विश्वचषकात असं पहिल्यांदाच झालं. तेव्हा आमच्या गल्लीतला एकही स्टेटस हलला नाही. मुली जिंकल्या की कौम जिंकत नाही वाटतं.

२०२४ मध्ये ‘मैदान’ सिनेमा आला आणि आपल्याला सय्यद अब्दुल रहीम सापडले. ‘अपने रहीमसाब’. दोस्तांनो, ते खरंच आपले होते, पण तुम्ही समजता त्या अर्थानं नाही. रहीम हैदराबादचे. आपलं कुरुंदा तेव्हा परभणी जिल्ह्यात, आणि परभणी हैदराबाद राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा त्या राज्यातून निघाला आणि महिनाभरानं रहीमसाहेबांचा संघ मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ नं हरवून उपांत्य फेरीत गेला. तीन गोल नेव्हिल डिसूझाचे. शेवटी चौथा क्रमांक आला. त्या संघात नूर मोहम्मद, अझिझुद्दीन, बलराम अशी हैदराबादची पोरं होती. कुरुंद्याचं नाव महाराष्ट्राला नरहर कुरुंदकरांमुळे माहीत आहे, पण कुरुंद्याचं जुनं राज्य एकेकाळी भारताच्या फुटबॉलचा कणा होतं, हे आपल्या शाळेत मला कुणी सांगितलं नाही.

हे कसं झालं, ते कुणी विचारत नाही. रहीम मूळचे शाळामास्तर. त्यांनी हैदराबादेत मुलांसाठी वेगवेगळ्या अटींच्या स्पर्धा लावल्या. एकीत ड्रिब्लिंग बंद, चेंडू आला की पास द्यायचाच. एकीत फक्त कमजोर पायानं खेळायचं. एक पाच फुटांपेक्षा कमी उंचीच्या पोरांसाठी. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा बलराम गरीब घरचा, त्याला सरावाला यायला सायकलच्या भाड्याचे पैसे रहीमसाहेबांनी दिले. त्यांच्या हैदराबाद पोलीस संघानं १९५० ते १९५४ सलग पाच वेळा मुंबईत येऊन रोव्हर्स कप नेला. १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा मारही खाल्ला, आपले बरेच खेळाडू अनवाणी होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले.

केप व्हर्डेची गोष्टही अशीच शोधाशोधीची आहे. डब्लिनमध्ये जन्मलेल्या रॉबर्टो लोपेसचे वडील केप व्हर्डेचे. प्रशिक्षकानं त्याला थेट लिंक्डइनवर निरोप धाडला. पोर्तुगीजमधला निरोप त्याला कळला नाही, त्यानं तो तसाच सोडला. प्रशिक्षकानं पुन्हा विचारलं. लहान देशाला एकही पोरगं वाया घालवणं परवडत नाही.

आणि रहीमना ‘कौम का शेर’ म्हणणाऱ्यांना १९६२ चं जकार्ता आठवून देते. आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना, समोर दक्षिण कोरिया. इस्रायल आणि तैवानला न बोलावल्याबद्दल एका भारतीय पदाधिकाऱ्यानं टीका केली होती, म्हणून मुस्लिमबहुल इंडोनेशियाचं ते सगळं स्टेडियम भारताची हुर्यो उडवत होतं. रहीमसाहेबांचीच की ती हुर्यो! संघ २-१ नं जिंकला. गोल प्रदीपकुमार बॅनर्जी आणि डोक्याला जखम असलेल्या जर्नेलसिंगचे, कप्तान चुनी गोस्वामी. रहीम तेव्हा कॅन्सरनं आजारी होते, ११ जून १९६३ ला गेले.

काही जण रहीमसाहेबांचा फोटो दुसऱ्या कामालाही वापरतात. कुणी आपल्या देशप्रेमावर शंका घेतली की तो दाखवायचा, बघा, आम्हीही. कशाला? निष्ठेच्या सर्टिफिकेटसाठी त्या माणसानं शिट्टी फुंकली नव्हती. शंका घेणाऱ्याला उत्तर देण्यात आपली आख्खी पिढी गेली, तेवढ्या वेळात एक मैदान सपाट झालं असतं.

मैदानाचं माझं स्वतःचं सांगते. घरामागच्या मोकळ्या जागेत मी पोरांबरोबर खेळायचे. दहाव्या वर्षी दादीनं हाक मारली, “अब बडी हो गई.” भाऊ पुढं पाच-सहा वर्षं खेळला. मग त्या जागेत गाड्या लागायला लागल्या आणि भावाचाही खेळ संपला. माझा खेळ बंद झाला तेव्हा कुणी हळहळलं नाही. पोरांचा बंद झाला तेव्हा ‘हमारे बच्चों के लिए जगह नहीं’ अशी चर्चा चौकात सुरू झाली. चर्चा खरी आहे. पण ग्रामसभेत त्यातलं कोण गेलं? वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. मैदान मागायला यातलं कुठलंही दार बंद नाही. तिथं तुम्ही नसता, कारण तुम्ही मोरोक्कोत असता.

मी अर्ज लिहिला आहे. गावठाणातली एक जागा, दोन गोलपोस्ट, आणि कुंपण. सगळ्या मोहल्ल्यांच्या पोरांसाठी, म्हणून सह्याही सगळ्या मोहल्ल्यांतून घेते आहे. चाळीसच्या वर झाल्या. अर्जात एक ओळ अशी आहे, ‘रोज संध्याकाळी पाच ते साडेसहा मैदान मुलींसाठी राखीव असावे.’

मामेभावानं अर्ज दोनदा वाचला. “आपा, ये लाइन निकाल दो, फिर करता साइन,” म्हणाला. ओळ अजून आहे. त्याची सही अजून नाही.